अकरा नंबरची खरी तब्येत

सिस्टर, तात्यांनी तुमच्या कबरीला आळं केलं.

सगळ्यांत आधी हेच सांगतो, कारण हे बघायला तुम्ही नव्हतात आणि तुमच्याइतकं मनापासून दुसरं कुणी हसलं नसतं. कॉलनीतले आम्ही पंधरा-वीस जण एका बाजूला हात बांधून उभे होतो. ख्रिस्ती दफनभूमीत कसं उभं राहायचं, कधी मान खाली घालायची, काही माहीत नाही. पुढचे करतील तसं आपण करायचं एवढंच ठरलेलं. एकेकानं मूठभर माती टाकली, मग फावड्यांनी माती ओढली गेली, उंचवटा झाला आणि पाळकांनी शेवटची प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात बघतो तर तात्या गुडघ्यांवर. ऊस लावण्यात जन्म गेलेला माणूस. समोर ताजी उकरलेली माती दिसली की त्यांचे हात त्यांना विचारत नाहीत. दोन्ही तळव्यांनी माती ओढून त्यांनी कडेनं गोल वरंबा घातला, अंगठ्यांनी दाबला आणि पाणी कुठून आत घ्यावं म्हणून मान वाकडी करून उतार बघायला लागले.

मी वाकून कानात विचारलं, "तात्या, काय करताय?"

"आळं," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

पहिला आवाज कुंदावहिनींच्या तोंडून फुटला. रडतायत असं समजून दोघींनी त्यांना धरलं आणि धरताधरता त्या दोघींनाही तोच आवाज फुटला. दफनभूमीत, सिस्टर! तुमचे पाळक फार भला माणूस. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले आणि प्रार्थना जरा लांबवली. तेवढ्या वेळात आम्ही तोंडं सरळ केली.

ही झाली हसायची गोष्ट. ती सांगून झाली की मी नेहमीसारखं टाळ्यांसाठी थांबतो. आज टाळ्या नाहीत आणि पुढचं सांगायची हिंमत होत नाही, म्हणून हे लिहितानाही तीनदा उठलो. एकदा गाडीतल्या वायरी गुंडाळल्या. एकदा गुंडाळलेल्या वायरी पुन्हा सोडून गुंडाळल्या. बायको म्हणाली, "बसा तरी, नाहीतर जा तरी." मला दोन्ही जमत नाही.

तर सांगून टाकतो. अकरा नंबरबद्दल मी तुमच्याशी खोटं बोललो. एकदा नाही. पहिला दिवस सोडून तुम्ही दवाखान्यात होतात तेवढे सगळे दिवस, रोज चार वाजता, तुमच्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसून. आणि तुमचं ते झाड मरायला टेकलंय, ते आम्हीच मारलंय.

*

आपली पहिली भेट भांडणाची, आठवतं? बेलापूर रोडच्या आपल्या कॉलनीतली मोकळी जागा नकाशात हिरव्या रंगानं दाखवलेली आहे, 'बाग' म्हणून. प्रत्यक्षात तिथं वेड्या बाभळी, फुटकी कमोडं आणि माझे मंडपाचे बांबू. मंडप आणि साऊंडचा माझा धंदा. सामान ठेवायला अशी फुकटची जागा दुसरी कुठे मिळणार? तुम्ही नुकत्याच रिटायर होऊन राहायला आला होतात. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कंबरेवर हात.

"हे तुझे?"

"हो मॅडम."

"मॅडम नाही, सिस्टर. उद्या सहाच्या आत उचल."

"उद्या लग्न आहे. बांबू तसेही जाणारच आहेत."

"मग परत आणू नकोस."

मी घरी येऊन तुमची नक्कल करून दाखवली, दोन्ही मुली पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी लग्न उरकून मी बांबू घेऊन परत आलो. माझ्या जागेवर ओळीनं खड्डे. प्रत्येक खड्ड्यापुढे एक वीट, विटेवर खडूनं नंबर. आणि सातव्या खड्ड्यात कंबरेपर्यंत उतरलेले तात्या. मला बघून म्हणाले, "बाईंनी सांगितलं, अविनाश येईल, त्याच्याकडनं पुढचे खांदून घ्या." मी बांबू गाडीतच ठेवले. आठवा खड्डा माझा आहे.

चौतीस झाडं लावली आपण. तुम्ही त्यांना झाड म्हणायचा नाहीत, बेड म्हणायचात. कडुनिंब, करंज, बहावा, आवळा ही नावं आमच्यासाठी. तुमच्यासाठी तीन नंबर, नऊ नंबर, एकवीस नंबर. प्रत्येक काठीला प्लास्टिकच्या पिशवीत चार्ट बांधलेला. पाणी किती, कोणी, कधी. पानांचा रंग. आणि शेवटचा रकाना 'बोट'. पाणी घालायच्या आधी मातीत दोन पेरं बोट घालायचं, ओलं लागलं तर बादली उचलून पुढच्या बेडवर जायचं. सहाला राऊंड. उशीर झालेल्याला तुम्ही रागवायचा नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघायचात. राज्य परिवहनातून रिटायर झालेले आपले कंडक्टरकाका म्हणायचे, "मला साहेबांचा मेमो परवडायचा, सिस्टरांचं घड्याळ नको."

तात्यांना तो बोटाचा रकाना कधीच पटला नाही.

"एवढ्या उन्हात बोट कसलं घालायचं, बाई? सोडा की पानी. लई तहानलंय."

"तात्या, ताप आला म्हणून सलाईनवर सलाईन चढवतात का? पेशंट सुजेल."

"झाड कुठं सुजतं?"

"सुजतं. जमिनीखाली सुजतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

तात्या तुमची पाठ वळली की अर्धी बादली ओतायचे, आणि तुम्ही पाठमोऱ्याच म्हणायचात, "तात्या, चार्टवर लिहा." लिहायचे बिचारे. 'अर्दी बादली. बोट ओलं. तरी घातली.' तो कागद तुम्ही जपून ठेवला होता. पेशंटनं एवढा खरा कबुलीजबाब दिलेला मी नोकरीत बघितला नाही, म्हणायचात.

*

आपलं मुख्य भांडण मात्र वेगळंच होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

मला पाट्या हव्या होत्या. प्रत्येक झाडाला ते सांभाळणाऱ्याचं नाव, गेटवर मोठी कमान, मधोमध तुमचा फोटो. तुम्ही म्हणालात, "वॉर्डात पेशंटच्या उशाशी सिस्टरचा फोटो लावतात का रे?" विषय संपला. म्हणजे तुमच्या बाजूनं संपला. मी वर्षातून दोनदा तो उकरायचोच.

मग तो कार्यक्रम. बाहेरचे पाहुणे बाग बघायला आले होते, साऊंड माझा, माईक माझ्या हातात. माईक हातात आला की माझ्या जिभेला पंख फुटतात, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. मी म्हणालो, "मंडळी, या बागेत लावलेलं एकूण एक झाड जगलं आहे!" टाळ्या. तुम्ही पहिल्या रांगेतून उठलात, शांतपणे माईक घेतलात आणि म्हणालात, "सहा गेली. तीन शेळ्यांनी खाल्ली, दोन वाळवीनं, एक आमच्या चुकीनं. त्या जागी दुसरी लावली आहेत." आणि माईक मला परत दिलात, तोही पुसून. पाहुण्यांना काय करावं कळेना, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी मी चिडलो होतो. गेटवर तुम्हाला गाठलं. म्हणालो, लोक उन्हातान्हात काम करतात, त्यांना चार गोड शब्द नकोत का? दवाखान्यात तुम्ही नातेवाइकांना धीर देत नव्हता? तुम्ही म्हणालात, "धीर देणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं."

"काय फरक?"

"सांगेन कधीतरी. आता बेड चौदाला खोडकिडा लागलाय."

तुम्ही सांगितलं नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. वाटलं, आहे की वेळ. रोज सहाला भेटतोच.

*

अकरा नंबर म्हणजे सोनचाफा. सगळ्यांनी तुम्हाला सांगितलं होतं की आपल्या काळ्या मातीत तो लाडावलेला पाहुणा टिकायचा नाही, आणि बियांवरच्या रोपाला तर फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. तुम्ही सोनईच्या माहेराहून ते रोप मांडीवर घेऊन एसटीनं आलात. सगळे पेशंट सारखे म्हणणाऱ्या तुम्ही, अकरा नंबरशी राऊंडला जरा जास्त थांबायचात. आम्हाला दिसायचं. कुणी बोलायचं नाही.

तुम्ही ॲडमिट झालात त्या पहिल्या दिवशी चार वाजता मी आलो, तेव्हा तुम्ही स्वतःच्या रिपोर्टांबद्दल अक्षर न बोलता विचारलंत, "अकरा नंबर?"

"बरं आहे," मी म्हणालो. ते खरं होतं. सकाळी मी स्वतः बघून आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून लग्नसराई अंगावर आली. मी पहाटे सामान घेऊन निघायचो. पण अकरा नंबर सोडून कसा जाणार? गाडीवर पाण्याची टाकी असतेच. बागेच्या कुंपणाशी गाडी लावायची, पाईप अकरा नंबरच्या आळ्यात टाकायचा आणि गाडीत दोन गाणी होईपर्यंत पाणी सोडायचं. खाली उतरायचं नाही, मातीला हात लावायचा नाही. चार्टवरही लिहायचं नाही. चार्टवर काय लिहायचं? बाकीची झाडं बागेची होती, हे मी तुमच्यासाठी करत होतो. ते माझं आणि तुमचं होतं.

आठवड्यानं पानं पिवळट दिसली. काचेतून दिसली. ऊन फार आहे, असं म्हणून मी दोनाची तीन गाणी केली.

आणि चार वाजता तुम्हाला सांगायचो, "मस्त आहे. टवटवीत." रोज तेच. एकदा तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "रोज एकच रिपोर्ट कसा रे? पेशंट रोज वेगळा असतो." मी घाबरलो. घाबरलो की मी रंगवतो, तुम्हाला माहीत आहे. म्हणालो, "वेगळं हवंय? मग ऐका. कळी आलीय."

तुम्ही डोळे उघडलेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उशीवरून मान उचललीत. "खरं?"

तिथं मला खरं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण तुमच्या चेहऱ्यावर जे उजाडलं होतं ते मला विझवता आलं नाही. मी म्हणालो, "दोन-तीन दिवसांत उमलेल. आणून दाखवतो."

आता दाखवायला हवं. तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या फुलवालीकडून सोनचाफ्याची पुडी घेतली. चार फुलं, देठांना दोरा बांधून पानात गुंडाळलेली. तीन फुलं गाडीत ठेवली, पान फेकलं आणि एक फूल रुमालात घेऊन, तुमच्यासमोर असा उघडला रुमाल, जसा काही जादूगार कबूतर काढतोय. "अकरा नंबरचं पहिलं फूल, सिस्टर!"

तुम्ही ते हातात घेतलंत. वास घेतलात, खूप वेळ. मग देठाकडे बघितलंत. देठाला पांढरा दोरा होता, पुडीचा. गाठीसकट.

मला वाटलं, जमीन फाटावी. तुम्ही नखानं ती गाठ सोडवलीत, दोरा तुमच्या तर्जनीला गुंडाळलात आणि फूल उशीशेजारी ठेवलंत. मग म्हणालात, "छान आहे. बुधवारी घरी सोडतायत मला. गुरुवारी सहाला राऊंडला येते. सगळ्यांना सांग."

मी धावत येऊन सगळ्यांना सांगितलं. कुंदावहिनींनी गोडाचा शिरा करायचं ठरवलं. तात्यांनी बागेतला बाक धुऊन काढला.

मंगळवारी दुपारी तुम्ही गेलात.

*

पस्तीस वर्षं तुम्ही वॉर्डात काढलीत, सिस्टर. तुमच्या स्वतःच्या चार्टवर काय लिहिलंय ते तुम्हाला कळत नव्हतं असं मला सांगू नका. बुधवार तुम्हाला दिसत होता की नव्हता? माझ्या फुलावर तुम्ही तुमचा बुधवार ठेवलात. फिटंफाट. तेव्हापासून मी चालतोय, घरातून अंगणात, अंगणातून बागेत, आणि प्रत्येक फेरीला तुमच्याशी भांडतोय. तो धीर होता की खोटं होतं? सांगेन म्हणाला होतात. हे असं सांगतात का?

आणि भांडून झालं की तुमच्या बोटावरचा तो दोरा आठवतो. तुम्ही मला पकडलं नाहीत. आयुष्यभर मला भर सभेत पकडणारी बाई, आणि त्या दिवशी नाही पकडलंत. त्याबद्दल तुमचे पाय धरायचे राहून गेले.

*

तुम्हाला माती दिल्यानंतर कुंदावहिनींनी ठरवलं की रविवारी सकाळी बागेत शोकसभा घ्यायची, अकरा नंबरपाशी. झाडाखाली काळ्या दगडाची पाटी बसवायची, तुमच्या नावाची. सूत्रसंचालन अर्थातच मी. इतकी वर्षं पाटी मागत होतो, ती मिळाली, तीही अशी.

शुक्रवारी सकाळी मी वायर किती लागेल ते बघायला बागेत गेलो. महिनाभरानंतर पहिल्यांदा अकरा नंबरजवळ पायी. पानं हळदीसारखी पिवळी. निम्मी खाली पडलेली, उरलेली माना टाकून. मी चार्ट बघितला. शेवटची ओळ तुमच्या अक्षरातली, ॲडमिट व्हायच्या सकाळची. त्याखाली सगळं कोरं. बाकीच्या तेहतीस बेडचे चार्ट रोजच्या रोज भरलेले आणि तुमच्याच झाडाचा रिकामा! माझं डोकं फिरलं. म्हणजे माझ्याशिवाय कुणी थेंब घातला नाही! तुमची पाठ वळल्यावर एवढंसुद्धा! मी गाडीकडे पळालो, पाईप ओढत आणला, आणि आळ्यात पाय टाकला तर चप्पल रुतली. ओढली तर पाय बाहेर, चप्पल आत.

मग मी खाली बसलो आणि बोट घातलं. दोन पेरं नाही, अख्खं बोट लोण्यात सुरी जावी तसं गेलं. बाहेर काढलं तर डबक्याचा वास.

सगळं एकदम कळलं. मी जसं लिहीत नव्हतो, तसंच कुणीच लिहीत नव्हतं. प्रत्येकाला ते आपलं आणि तुमचंच वाटत होतं.

शुक्रवार, शनिवार मी कसे काढले ते विचारू नका. सोपा रस्ता समोर होता. सभेत तुमचं कौतुक करायचं, पाटी उघडायची, पानं पिवळी पडली कारण झाडालाही दुःख झालंय, असं एक वाक्य टाकायचं. ते वाक्य मी तयारसुद्धा केलं होतं, सिस्टर. फार सुंदर होतं. अख्खी सभा रडली असती. आणि त्याच संध्याकाळी प्रत्येकानं रडतरडत आणखी एकेक बादली ओतली असती.

रविवारी माईक हातात घेतला. म्हणालो, "मंडळी, हे झाड मी मारलंय. रोज टाकीतून पाणी सोडत होतो. सिस्टरांना रोज सांगत होतो की मस्त आहे. त्यांना दाखवलेलं फूल स्टँडवरून विकत घेतलेलं होतं. आता माझ्याशिवाय ज्यानं ज्यानं अकरा नंबरला पाणी घातलंय, त्यानं हात वर करावा."

मग कुंदावहिनी कशाबशा उठल्या. "फिल्टरचं वाया जाणारं पाणी, रोज दोन बादल्या. मला वाटलं मी एकटीच."

"मी सकाळी," कंडक्टरकाका म्हणाले. "अन् संध्याकाळी. पानं पिवळी पडल्यापासून दुपारीपण."

मागून एक हात. मग आणखी तीन. चौथ्या गल्लीतल्या एका काकूंनी कबूल केलं की त्यांनी पाण्यात ग्लुकोजची पुडी कालवली होती, दोनदा, अशक्तपणा आलाय म्हणून. कुणीतरी हसलं, मग कुणाला हसावं ते कळेना. सात हात झाले.

तात्या तळहात मांडीवर पालथे ठेवून बसले होते. ते उठले, माईक नको म्हणाले.

"माझं दोन एकर असंच गेलं," ते म्हणाले. "पाटाचं पानी हाय म्हनून सोडत ऱ्हायलो. आधी ऊस असा आला की बघायला लोक यायचे. मग जमीन पांढरी पडायला लागली. मीठ वर आलं, चोपान झाली. आज तिथं कुसळ उगवत न्हाई. घरात कुनाला सांगितलं न्हाई कशानं झालं ते, नशिबावर ढकललं. बाईंना मात्र ठाऊक हुतं. बाई मला रोज सांगत हुत्या." मग त्यांनी झाडाकडे हात केला. "आनि मी ह्याला रोज चार कळश्या घातल्या."

तात्या सदरा काढून, बनियनवर, फावडं घेऊन उतरले. आम्ही बाकीचे उतरलो. भाषण नाही, हार नाही. पाटी कुंदावहिनींच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. मरायला टेकलेल्या झाडाखाली ती बसवायचा धीर कुणाला झाला नाही. झाडाच्या उताराकडे चर खोदला, वरचा चिखल काढला. पाणी झिरपून चरात यायला लागलं, काळं. एका बाजूची मुळं तात्यांनी बोटांनी मोकळी केली. काळी पडलेली, धरली की साल हातात येत होती. तिथंच उकिडवं बसून मला म्हणाले, "इकडनं हात घाल." दुसऱ्या बाजूला खोल गेलेली तीन-चार मुळं होती. पांढरी. कडक.

"जगेल?" कुंदावहिनींनी विचारलं.

"न्हाई सांगता येत."

"मग आता काय करायचं?"

"काय न्हाई. पानी न्हाई, खत न्हाई, औषद न्हाई. हात लावायचा न्हाई."

"किती दिवस?"

"ते झाड सांगंल."

*

सिस्टर, तुम्ही आम्हाला खड्डे खणायला शिकवलंत, छाटायला शिकवलंत, वाळवी ओळखायला शिकवलंत. काहीच न करता उभं राहायला नाही शिकवलंत. सहाला सगळे येतात. बाकीच्या तेहतीस बेडचा राऊंड पटकन उरकतो आणि मग आम्ही अकरा नंबरभोवती घोटाळतो. कुणी पडलेली पानं मोजतं. कुणी चरातली माती काढतं, पुन्हा टाकतं. काल कंडक्टरकाका झाडाला मोबाईलवर भजन ऐकवत होते. मी विचारलं, हे कुठल्या रकान्यात लिहू? म्हणाले, "अरे, हात नाही लावला मी."

आता रिपोर्ट. तुम्ही विचारला नाहीत तरी. पानं जवळपास सगळी गळाली आहेत. शेंड्याला चार उरली आहेत, त्यातली दोन कडेनं करपलेली. खालच्या फांद्या वाळल्या. मधल्या फांदीची साल नखाएवढी खरवडली, आत हिरवट आहे, पण परवा होती त्यापेक्षा फिकी. बोट ओलं. कळी नाही. कधीच नव्हती. वाचेल असं मला वाटतं का, विचाराल, तर वाटत नाही. रंगवून सांगायला माझी जीभ शिवशिवतेय, पण एवढंच आहे.

आज सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेलो. तर तात्या तिथंच उभे. हात पाठीमागे.

"तात्या, मागे काय आहे?"

"काय न्हाई."

"दाखवा."

पाण्याची बाटली. भरलेली, झाकण उघडून हातात धरलेलं.

"थोडंसं रं. नुसतं बुडाला. घसा वला व्हईल त्याचा."

"नाही."

"ऊन बघ किती हाय."

"तात्या, तुम्हीच म्हणालात."

"म्हनालो खरं," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले. झाडाकडे बघत, बाटली जराशी कलती धरून. तिच्या तोंडाशी पाणी आलेलं मला दिसत होतं. मी त्यांचा हात धरला नाही.

मग तात्यांनी बाटली वर उचलली आणि पाणी स्वतः प्यायले, एका दमात अर्ध्यापर्यंत. तोंड पुसलं. उरलेली बाटली माझ्यापुढे धरली.

"पी," म्हणाले. "संपव सगळं. भरलेली असली की मला हितनं जाववत न्हाई."